बांबूचा मांडव सव्वा वर्षात भुसा झाला, पुढचा टिकवायचा कसा?

परसबाग परभणी:
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी श्रावणात घरामागं दोडका, कारलं आन् वालासाठी मांडव घातला होता. १० बाय १२ फूट, सहा खांब, वर वासे, वाशांवर कामट्या. बांबू चुलतभावाच्या धुऱ्यावरचे, सकाळी तोडले आन् संध्याकाळी रोवले, दीड-दीड फूट मातीत. हिरवेगार, सरळसोट, काय सुंदर दिसत होते म्हणून सांगू.

यंदा दिवाळीनंतर एक दिवस शेंगा तोडायला हात वर केला तर डोळ्यात पीठ पडलं. वालाच्या पानांवर मैदा चाळल्यासारखा पिवळट भुसा, वाशाला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं, एका पेरावर मोजली तर ३०-३५ भरली. रात्री सामसूम झाल्यावर मांडवाखाली उभं राहिलं की करकर करकर आवाज येतो. चार दिवसांनी कोपऱ्यातल्या खांबाला पाण्याची बादली लागली, नुसती लागली, तर खांब जमिनीलगत मोडून आडवा. आत माती भरलेली, सगळी उधई.

लोखंडी मांडव मला नको आहे, आपल्याकडच्या उन्हात पाईप असा तापतो की वेलाचे शेंडे करपतात. बांबूच हवाय पण निदान आठ-दहा वर्षं टिकला पाहिजे. घरच्या घरी काही करता येतं का? खाली भाजीपाला आहे, लेकरं कच्च्या शेंगा तोडून खातात, त्यामुळं जहाल विष नको. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

नुसतंच वाचतो:
ताई जीआय पाईप टाका आन् वर शेडनेट. डोक्याला ताप नाही.

परसबाग परभणी:
दादा वरच लिहिलंय की पाईप नकोय 🙂

वेळूबन औसा:
ताई, तुमच्या पहिल्या चार ओळींतच उत्तर हाय. श्रावणात तोडला. पावसाळ्यात वेळूच्या बेटाला नवे कोंब फुटत असतात, बेट अंगातलं सगळं बळ वर काढतं, त्या दिवसांत बांबूत साखर आन् पिठूळपणा भरपूर असतो. तो भुसा पाडणारा बारका भुंगा लाकूड म्हणून बांबू खात नाही, त्यातलं स्टार्च खातो. तुम्ही त्याच्या पुढं भरलेलं ताट ठेवलं. वरून ओलाच रोवला म्हणजे उधईची पण सोय झाली.

दुसरं, वय. तुमचे 'हिरवेगार, सरळसोट' म्हणजे मला वाटतं एक-दीड वर्षाचे कोवळे होते. बांधकामाला तीन ते चार वर्षाचा लागतो. ओळखायचा कसा तर कोवळ्यावर पांढरी भुकटी असते, गाठीला वाळकी खोळ चिकटलेली असते, अंग चकचकीत. जुना झाला की खोळ गळते, रंग मळकट पिवळसर पडतो, अंगावर राखाडी पांढरे डाग येतात दगडफुलासारखे. आम्ही नवा कोंब आला की त्या वर्षी त्याला रंगाचा पट्टा मारतो, दरसाली वेगळा रंग, म्हणजे तोडताना वाद नाही.

तोडणी दिवाळीनंतर ते माघ संपेपर्यंत. आमच्या लातूर-औशाकडं जुनी माणसं म्हणायची येळवस (मार्गशीर्ष अमावस्या) झाली की वेळूला कोयता लावा. त्याच्या आधी नाही.

पाया पक्का:
वेळूबन यांनी हंगामाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी सिव्हिलवाला आहे, संभाजीनगरला असतो, दोन फार्महाऊसवर बांबूचं काम करून घेतलंय. पण फक्त हंगाम आणि वय सांभाळून भागत नाही, कीड थोडी लांबते एवढंच. बिनप्रक्रियेचा बांबू मातीत रोवला तर एक ते तीन वर्षं, छपराखाली कोरडा राहिला तर चार ते सात, हा सगळीकडचा ढोबळ अनुभव आहे. आठ-दहा वर्षं पाहिजे तर प्रक्रिया करावीच लागेल, आणि पाय मातीतून वर घ्यावा लागेल. दोन्हीतलं एक केलं तर उपयोग नाही. रात्री सविस्तर लिहितो.

कामटी:
मी बुरुडाची लेक, वडील आयुष्यभर टोपल्या, सुपं, डालगी, शिड्या करत आले, आता वय झालंय पण बोट फिरवून सांगतात बांबू कितव्या वर्षाचा. कोयत्याच्या पाठीनं ठोकायचे. कोवळा बद्द वाजतो, पिकलेला टणटण.

विणकामाला ओलाच बांबू लागतो, त्याच्या पट्ट्या लगेच काढाव्या लागतात. शिडीचा, खांबाचा माल मात्र ते कधीच तसा वापरत नसत. ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, वर दगड, तीन आठवडे, कधी महिना. काढताना जो वास सुटायचा ना, गावातून ओरडा व्हायचा. पण त्या पाण्यात बांबूतला गोडवा उतरून जातो म्हणायचे, मग कीड फिरकत नाही. नंतर सावलीत उभे करून वाळवायचे, उन्हात नाही. माझ्या आजोळी त्यांनी केलेली शिडी मी चौथीत असल्यापासून बघतेय, अजून माळवदावर चढायला तीच वापरतात.

आणि हो, तोड अंधाऱ्या पक्षातच. पौर्णिमेच्या आसपास बाबा कोयता उचलत नसत.

पाया पक्का:
कामटीताई, भिजवण्यामागचं कारण अगदी खरं आहे, पाण्यात साखर विरघळते आणि स्टार्च कुजून कमी होतं. फक्त त्यानं भुंगा थांबतो, उधई आणि बुरशी थांबत नाही. चंद्राचं मात्र मला पटत नाही. हंगामाचा फरक मोठा आहे, पंधरवड्याचा धरून चालू नये असं माझं मत.

वेळूबन औसा:
साहेब, येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. डिसेंबर-जानेवारी, थंडी, पाऊस संपून दोन महिने झालेले, बेट झोपलेलं. म्हाताऱ्यांनी हंगाम आन् अंधार एकाच दिवसात बसवला. तुम्ही हंगाम माना, मी अमावस्या मानतो, कोयता एकाच दिवशी चालतो ना, मग भांडायचं कशाला 😄

बीडचा पुण्यात:
येळवस निघाली म्हणून, यंदा औशाला भज्जी खायला बोलवा कोणीतरी. आमच्या बीडकडं ती मजा नाही.

वेळूबन औसा:
या की. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कडब्याच्या कोपीत बसून जेवायचं, चमचा मागायचा नाही.

नुसतंच वाचतो:
धागा बांबूचा आन् ताटात भज्जी. चालू द्या.

बीडचा पुण्यात:
विषयावर येतो. आमच्या घरी गुढीची काठी आजोबांच्या बापाच्या वेळची आहे. दरवर्षी पाडव्याला निघते, धुतात, गुढी उतरली की परत जाते स्वयंपाकघराच्या आढ्याला. चुलीचा धूर खाऊन खाऊन काळीभोर, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. एक भोक नाही. कोणी कधी औषध लावलं नाही की काय केलं नाही. मला वाटतं धूर हेच औषध असावं.

कामटी:
धूर आहेच. सुपं पण चुलीवर टांगत. पण तुमची काठी वर्षातला एक दिवस बाहेर असते भाऊ, आणि मातीला कधी टेकतच नाही. ताईचा मांडव बारा महिने पावसात-उन्हात उभा.

गच्चीवरचा मळा:
मी जळकं ऑईल लावलं होतं. गॅरेजमधून पाच लिटर आणलं, दोन हात मारले. सहा महिने बरं वाटलं. मग वैशाखात ऊन तापल्यावर ते पाझरायला लागलं, घेवड्याच्या शेंगांवर काळे थेंब, हाताला डाग, वास तर विचारूच नका. आन् भुसा आतून पडायचा तो पडलाच. ते सगळं टाकून दिलं. खायच्या वेलाखाली जळकं ऑईल अजिबात नको असं मी तरी म्हणेन.

एक वाटसरू:
क्लोरोपायरीफॉस मारा ना, घराच्या पायाला मारतात तेच. उधई औषधाला राहत नाही.

परसबाग परभणी:
नको. त्याच मातीत मेथी-कोथिंबीर लावते मी.

पाया पक्का:
काल म्हटल्याप्रमाणे. लांबलचक होणार आहे, सवडीनं वाचा.

आधी बांबूची बनावट समजून घ्या. वरची साल मेणचट असते, तिच्यातून काहीही आत जात नाही. म्हणून ब्रशनं काय पण लावा, ते वर राहतं, भुंगा आत. लाकडात आडवा शिरकाव थोडा तरी होतो, बांबूत नाही, त्याच्या नळ्या सगळ्या उभ्या, बुडापासून शेंड्यापर्यंत. औषध आत न्यायचं तर कापलेल्या टोकातून किंवा पोकळीच्या आतल्या बाजूनं, म्हणजे गाठी फोडून.

औषध कोणतं? बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स. बोरिक म्हणजे कॅरम बोर्डवर टाकतो ती पावडर, बोरॅक्स म्हणजे टाकणखार. वजनानं एकास दीड. २०० लिटरच्या ड्रमला ४ किलो बोरिक, ६ किलो बोरॅक्स, म्हणजे ५ टक्क्याचं द्रावण. दोन्ही आधी बादलीभर गरम पाण्यात विरघळवून मग ड्रममध्ये ओता. किंवा कृषी केंद्रात फवारणीचं 'बोरॉन २० टक्के' मिळतं, ते मूळचं याच जातीचं मीठ आहे, पटकन विरघळतं, लिटरला ५० ग्रॅम.

पद्धत एक, आडवं भिजवणं. १२ मिमीची लांब सळई टोकाला धार लावून घ्या, बांबूत घालून ठोकत एकेक गाठ फोडत जा, आरपार. मग द्रावणात पूर्ण बुडवा, आतली हवा निघेपर्यंत हलवा (बुडबुडे बंद झाले पाहिजेत), वर दगड, १० ते १४ दिवस. शेतात करणार असाल तर चर खणून शेततळ्याचा कागद अंथरा, चर अरुंद ठेवा नाहीतर द्रावण फार लागतं. घरी करणार असाल तर ६ इंची पीव्हीसी पाईप, १० फुटी, एका टोकाला कॅप लावून जिन्याला तिरका टेकवा. त्यात ५० लिटरच्या आत काम होतं, एका वेळी दोन-तीन बांबू बसतात.

पद्धत दोन, उभं भरणं. बाली बेटावर ही पद्धत चांगली रुळली. सगळ्या गाठी फोडायच्या, फक्त सर्वांत खालची ठेवायची. बांबू उभे करून वरून द्रावण भरायचं, पातळी उतरेल तशी रोज भर घालायची, दोन आठवडे. बांबूच स्वतःची टाकी. शेवटी खालची गाठ फोडून द्रावण काढून घ्यायचं, गाळून परत वापरायचं.

दोन्हीला बांबू ताजा, ओला असेल तर उत्तम, कारण बोरॉन ओलाव्यातूनच पसरतं. काढल्यावर आठवडाभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा, आतल्या आत पसरू दे. मग सावलीत, जमिनीपासून वर, उभे करून महिनाभर वाळवा. आपल्याकडच्या उन्हात टाकलात तर तडकणार म्हणजे तडकणार.

रबरी हातमोजे घाला. ड्रमवर झाकण पाहिजेच, तहानलेलं जनावर त्यात तोंड घालू शकतं.

हे सगळं भारतीय मानकातही आहे, आयएस ९०९६ हे बांधकामाच्या बांबूच्या संरक्षणाचंच मानक. त्यात तांबं-क्रोमियमवालीही द्रव्यं आहेत, ती पावसात धुत नाहीत, पण काहींत आर्सेनिक असतं. खाली भाजी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नुसतंच वाचतो:
सेव्ह करून ठेवलं.

परसबाग परभणी:
पाया पक्का सर, इतकं सविस्तर लिहिलंत, फार फार आभार. म्हणजे मूळ चूक श्रावणातच झाली होती. दोन शंका. बोरॉन पावसात धुऊन जात नाही का? आणि पाय मातीतून वर घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

किनवटकर:
मध्ये बोलतो. पोकळ बांबूचं सगळं बरोबर लिहिलंय, पण आमच्या किनवट-माहूरच्या जंगलाकडचा जो मानवेल आहे तो बराचसा भरीव. त्याला सळई घालणार कुठं? त्यासाठी आम्ही वेगळं करतो. पहाटे तोडायचा, फांद्या-पाला काढायचा नाही, बूड लगेच द्रावणाच्या ड्रममध्ये उभं करायचं. पाला हवेला पाणी सोडत राहतो आन् खालून द्रावण वर ओढत राहतो. आठ ते पंधरा दिवस. आठ-दहा फुटापर्यंत चांगलं चढतं, त्याच्या वर भरवसा नाही. तो पाला नंतर शेळ्यांना घालू नका, त्यात औषध उतरलेलं असतं.

आन् कोणाला परवान्याची भीती असेल तर, २०१७ ला कायदा बदलला, जंगलाबाहेर खाजगी जमिनीवरचा बांबू आता झाडाच्या व्याख्येत येत नाही. स्वतःच्या धुऱ्यावरचा बिनधास्त तोडा.

उदगीरचा:
सगळं पटलं पण पाणी? कामटीताईंचा डोह आता कुठं राहिला. आमच्या लातूरला १६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बांबू भिजवायला २०० लिटर म्हटलं की आमच्या आईच्या कपाळाला आठ्या पडतात.

एक वाटसरू:
शेततळ्यात टाका ना महिनाभर, पाणी कुठं जातंय.

वेळूबन औसा:
अजिबात नका टाकू. मी स्वतः टाकले होते, साधेच भिजवायला. बारा दिवसांत पाण्यावर साय धरली, हिरवट-तपकिरी, मासे तोंड वर काढून तरंगायला लागले, ठिबकचे फिल्टर तुंबले. विहिरीत तर चुकूनही नको. भिजवायचं असेल तर वेगळा खड्डा.

उदगीरकर भाऊ, म्हणून तर उभं भरणं आपल्या भागाला बरं. पाणी लागतं ते बांबूच्या पोटात मावेल एवढंच, आन् तेच द्रावण चार-पाच खेपा चालतं. थोडं पाणी, थोडी पावडर घालत राहायचं.

मोसंबीचा मळा:
जालन्याहून. उरलेल्या द्रावणाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, माझ्यासारखं नुकसान दुसऱ्याचं होऊ नये. मी गोठ्याच्या छपरासाठी बांबू भिजवले, काम झाल्यावर ड्रममध्ये शे-सव्वाशे लिटर उरलं. गडी म्हणाला कुठं ओतू, मी म्हटलं बोरॉन खतच की, ओत मोसंबीला. दोन झाडांच्या आळ्यात ओतलं. महिन्याच्या आत जुन्या पानांची टोकं पिवळी, मग कडा जळाल्यासारख्या, मग पानगळ. नऊ वर्षाची झाडं, ऐन बहरातली. माहितगारांना पान दाखवलं तर म्हणाले बोरॉन जास्त झालं, लिंबूवर्गीय झाडांना ते अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात आळी भरभरून पाणी सोडलं तेव्हा एक झाड सावरलं. दुसरं काढावं लागलं. बोरॉन पिकाला लागतं ते चिमटीनं, आन् मी ओतलं किलोनं.

पाया पक्का:
हे मी लिहायला हवं होतं, राहूनच गेलं. द्रावण संपेपर्यंत पुढच्या खेपेला वापरा. अगदी उरलंच तर पसरट टोपलीत उन्हात आटवा, पावडर भरून ठेवा. विहीर, ओढा, आळं, कुठंही ओतू नका.

आता ताईंच्या शंका. बोरॉन पाण्यात विरघळतं, म्हणून धुतलं जातंच. मातीत गाडलेल्या टोकातून तर लवकर. म्हणून पाय वर. प्रत्येक खांबाला फूट-सव्वाफुटाचा खड्डा, त्यात काँक्रीटचा ठोकळा, जमिनीच्या वर आठ-नऊ इंच आलेला. मध्ये १२ मिमीची सळई उभी, दीड फूट बाहेर. बांबूची खालची दोन पेरं पोकळ करून सळईवर बसवायचा, बाजूला भोक पाडून त्या पेरांत पातळ सिमेंट भरायचं. बांबू मातीला शिवत नाही, वाऱ्यानं हलत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून खड्ड्याच्या तळाला मुरूम कुटून घ्या. तुमचा खांब जमिनीलगतच का मोडला? तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतं, कुजायला तीच जागा सगळ्यात आधी.

वरचं टोक नेहमी गाठीच्या लगेच वर कापायचं. पेराच्या मध्ये कापलं की त्याची वाटी होते, पावसाचं पाणी आत साठतं. खिळा ठोकू नका, चिरतो, ड्रिलनं भोक पाडून बोल्ट. बाकी काथ्या.

परसबाग परभणी:
वाटी! आमच्या चार खांबांच्या डोक्यात खरंच पाणी साठायचं, डासांच्या अळ्या झाल्या होत्या, मला कळेना पाणी येतं कुठून.

गच्चीवरचा मळा:
वरून काय लावायचं? व्हार्निश?

वेळूबन औसा:
जवसाचं तेल. उकळलेलं मिळतं रंगाच्या दुकानात. पूर्ण वाळल्यावर दोन हात, कापलेल्या टोकांना तीन-चार. मग दरसाल मृगाच्या आधी एक हात. व्हार्निश उन्हानं पापुद्रे धरतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

हळद वसमत:
एक गोष्ट कोणी सांगितली नाही. औषध आत गेलं का हे कळणार कसं? माझी आजी घरी कुंकू करायची. हळद, टाकणखार, लिंबाचा रस. पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल व्हायची. बांबूची परीक्षा तीच. एका बांबूचा मधला तुकडा कापा, वाळवा. हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळून घ्या, कापलेल्या तोंडावर लावा, वाळू द्या. मग बाथरूमचं ॲसिड बरंच पातळ करून (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही) दोन थेंब. बोरॉन पोचलं तिथं लालसर होतं, नाही पोचलं तिथं पिवळंच राहतं.

कामटी:
किती छान! हे बाबांना वाचून दाखवलं, म्हणाले आमच्या वेळी हळद लावायचो ती नव्या कोयत्याला.

एक वाटसरू:
वसमतला हळद शिजवायचे मोठाले कुकर असतात ना, त्यात बांबू उकळून काढले तर दोन तासांत काम.

हळद वसमत:
ज्यात लोकांच्या पोटात जाणारी हळद शिजते त्यात बोरिक? दादा, भाड्यानं सोडा, मी बघायला पण देणार नाही.

उदगीरचा:
एवढं करण्यापेक्षा प्रक्रिया केलेला विकत मिळतो का?

किनवटकर:
मिळतो. कोकणात कुडाळला कॉनबॅक ही बांबूची संस्था आहे, मेळघाटात लवाद्याचं बांबू केंद्र जुनं आहे. आपल्या भागात लातूरच्या लोदग्याला शेतकरी नेते पाशा पटेलांनी बांबूचं मोठं मनावर घेतलंय, तिकडं चौकशी करा. पण सहा खांबांसाठी गाडीभाडंच जास्त होईल. घरचा बांबू असेल तर घरीच करा.

परसबाग परभणी:
मंडळी, दोन महिन्यांनी परत आले. येळवस होऊन चार दिवसांनी तोड केली. चुलतभाऊ आधी हसला, मग तोच सळई घेऊन गाठी फोडत बसला. १४ बांबू. आठ उभे भरले, सहा पाईपमध्ये. पहिल्या दिवशी उभ्या बांबूंची पातळी संध्याकाळपर्यंत वीतभर उतरली, मी घाबरले की गळतोय, पण बाहेर थेंब नाही, तो पीत होता. आठव्या दिवशी उतरणं जवळजवळ थांबलं. १४ दिवस पूर्ण केले, झाकून ठेवले, मग बोळात सावलीला उभे.

हळदीची परीक्षा केली. तेरा बांबू आतून बाहेरपर्यंत लालसर. एकाच्या मधल्या पेरात मात्र पिवळा पट्टा, गोल, आखल्यासारखा. फोडून बघितलं तर तिथली गाठ फुटलीच नव्हती, सळई बाजूनं घसरून नुसता ओरखडा पडला होता. तो परत पाईपमध्ये गेलाय. द्रावण ३० लिटर उरलंय, झाकून ठेवलंय, शेजारच्या काकूंना शिडी करायची आहे त्यांना देणार. मोसंबीचा मळा दादा, तुमची पोस्ट वाचली नसती तर ते माझ्या लिंबाच्या आळ्यात गेलं असतं.

ठोकळे झालेत, सळया उभ्या आहेत. खाली फोटो टाकलाय, बोळात टेकवलेले सगळे बांबू.

पाया पक्का:
काम नीट झालंय. ठोकळ्याचा वरचा भाग किंचित उतरता करा, पाणी थांबायला नको.

कामटी:
फोटो बाबांना दाखवला. मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत होते. म्हणाले, "उजवीकडून तिसरा कोवळा हाय. खांबाला लावू नको म्हणाव त्या बाईला."

परसबाग परभणी:
ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. आत्ता जाऊन बघून आले. उजवीकडून तिसरा, त्याची वरची दोन पेरं वाळताना सुरकुतलीत, चेपल्यासारखी झालीत, बाकी एकाला असं झालेलं नाही. कोयत्याच्या पाठीनं ठोकलं तर बद्द. हळदीत तो लाल आला होता म्हणून मी निश्चिंत होते. खांबातून काढला, त्याच्या कामट्या करून वर वालाला टाकते. बाबांना विचारून सांगाल का, कामट्या आत्ताच चिरू का अजून वाळू देऊ?

कामटी:
म्हणतात आत्ताच चीर, अजून वाळला की हात कापेल. आणि बुडाकडून नाही, शेंड्याकडून सुरुवात कर.